घसारा

हिशेबाच्या भाषेत 'घसारा' हा मोठा प्रामाणिक शब्द आहे. यंत्र वापरले की झिजते, झिजले की त्याचे मोल उतरते आणि ही उतरण वर्षअखेरीस वहीत खर्ची टाकावी लागते. शब्दाचे नाते उघडच घासण्याशी आहे. नांगराचा फाळ मातीत घासतो. जात्याची तळी घासून गुळगुळीत होते आणि तिला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागते. जेवढे काम तेवढी झीज आणि जेवढी झीज तेवढी किमतीत घट, असा एक साधा न्याय या शब्दात गृहीत धरलेला आहे. मालवाहू ट्रक, टॅक्सी, छापखान्यातले यंत्र यांच्या बाबतीत तो बहुतांशी खराही ठरतो.

अतिवेगवान आणि अतिमहाग स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मात्र हा न्याय चालत नाही. अशी मोटार वर्षातून दोन-चार वेळाच रस्त्यावर येते. उरलेला काळ ती गॅरेजात आच्छादनाखाली, ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून जपून ठेवलेली असते. टॅक्सीशी तुलना केली तर ती जवळजवळ न वापरलेलीच म्हणावी लागेल. तरीही पहिल्या तीन-चार वर्षांत तिची किंमत निम्म्यावर यावी, यात व्यापाऱ्यांना नवल वाटत नाही. घासणे नाही आणि घसारा आहे, असा हा प्रकार आहे. तो केवळ श्रीमंतांच्या लहरीचा परिणाम म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु लहरीला एवढी नियमितता नसते. शिवाय या घसरणीची खरी झळ पहिल्या, श्रीमंत मालकाला फारशी लागत नाही. ती लागते दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला, ज्याने शाळकरी वयात त्या मोटारीचे चित्र खोलीच्या भिंतीवर लावलेले असते आणि जो चाळिशीत, किंमत आवाक्यात आली असे समजून, साठवलेली पुंजी घेऊन तिच्या दाराशी येतो.

न झिजता मोल उतरण्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण जुन्या मोटारीचे नाही, नव्या मोटारीचे आहे. १९८८ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने एक नमुना मांडला. कंपनीतल्या काही अभियंत्यांनी फावल्या वेळात, शनिवारी जमून हे काम पुढे नेले होते. त्यामुळे त्या मोटारीला कारखान्याच्या शिस्तीपेक्षा छंदाची ऊब अधिक होती. बारा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना शक्ती आणि ताशी २२० मैलांचे स्वप्न. ते स्वप्नच नावात घातलेले होते: एक्सजे २२०. प्रदर्शनातली गर्दी पाहून कंपनीने १९८९ च्या डिसेंबरात जाहीर केले की मर्यादित संख्येत ही मोटार विक्रीसाठी बनवली जाईल. किंमत करांखेरीज २,९०,००० पौंड. नोंदणीच्या वेळी ठेव ५०,००० पौंड. ठरलेल्या संख्येहून मागणी अधिक झाली.

ही मागणी मोटारीची होती की आणखी कशाची, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. १९८७ च्या ऑक्टोबरात जगभरचे शेअरबाजार कोसळले होते आणि घाबरलेला पैसा कागदावरून वस्तूंकडे वळला होता. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या शेवटच्या एफ-४० या मोटारीला त्या क्षणापासून अवशेषाची पवित्रता प्राप्त झाली. तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट रकमा बोलल्या जाऊ लागल्या. कारखान्याच्या प्रतीक्षायादीतली जागादेखील नफ्याने विकता येत होती. म्हणजे मोटार प्रत्यक्ष जन्माला येण्यापूर्वीच ती दोन-तीन हातांतून फिरत होती. एक्सजे २२० साठी ठेव भरणाऱ्यांमध्ये तिच्यावर प्रेम करणारे होते, तसेच ती कधीही न चालवता पुढच्याला विकण्याचा बेत असणारेही होते. आणि अनेकदा एकाच माणसात हे दोघेही राहत असावेत.

मोटार प्रत्यक्ष तयार होऊन ग्राहकांच्या हाती पडू लागली तेव्हा १९९२ साल उजाडले होते आणि जग बदलले होते. ब्रिटनमध्ये १९८९ च्या अखेरीसच व्याजाचा मूळ दर १५ टक्क्यांवर गेला होता. जपानमधला फुगवटा १९९० पासून ओसरू लागला होता. करारात किंमत महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली असल्याने ती चार लाख पौंडांच्या वर चढली होती. आणि मोटारही बदलली होती. बारा सिलिंडरांचे अवजड इंजिन जाऊन त्याच्या जागी दोन टर्बोचार्जर जोडलेले सहा सिलिंडरांचे इंजिन आले होते. शक्ती आता फक्त मागच्या चाकांना मिळत होती. ग्राहकांनी हरकत घेतली. काही प्रकरणे न्यायालयात गेली. काहींनी वर पैसे मोजून करारातून सुटका करून घेतली. ज्या वस्तूसाठी एके काळी रांग लावली, ती आपल्याला मिळू नये म्हणून पैसे मोजणारी माणसे व्यापाराच्या इतिहासात फार सापडणार नाहीत.

वस्तुतः ही मोटार निकृष्ट नव्हती. १९९२ साली इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार चाचणीमार्गावर तिने ताशी २१२ मैलांहून अधिक वेग गाठला; त्या वेळी विक्रीसाठी बनवलेल्या मोटारींत तिच्याइतकी वेगवान दुसरी नव्हती. नावातला आकडा आठ मैलांनी हुकला, एवढेच. ग्राहकांचा आक्षेप शब्दशः खरा होता, कारण दाखवले एक आणि दिले दुसरे. पण बाजार चढता राहिला असता तर इंजिनातले सिलिंडर मोजायला कोणीही बसले नसते, हेही तितकेच खरे. अखेर पावणेतीनशेच्या आसपास मोटारी बनल्या आणि १९९४ मध्ये उत्पादन थांबले. न खपलेल्या, कोऱ्या करकरीत मोटारींपैकी काही १९९७ साली करासह सुमारे दीड लाख पौंडांना विकाव्या लागल्या. त्यांचे टायर रस्त्याला लागले नव्हते. (जॅग्वार कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, पण ही कथा त्याच्या कितीतरी आधीची.)

यातून नव्या मोटारीच्या किमतीचे घटक उघडे पडतात. पहिला ग्राहक पत्रा, चामडे आणि इंजिन यांचे दाम देतो, हे खरे. पण त्याखेरीज तो पहिलेपणाचे दाम देतो. रंग आपल्या पसंतीचा, शिवण आपल्या पसंतीची, यादीत शेजाऱ्याच्या आधी नाव, आणि अजून कोणी न बसलेल्या आसनावर बसण्याचा अधिकार, हे सारे त्या रकमेत असते. यातले काहीही दुसऱ्या ग्राहकाला हस्तांतरित करता येत नाही. किल्ली पहिल्यांदा हातात पडते त्या क्षणीच किमतीचा एवढा भाग हवेत विरून जातो. ग्रंथालयातले पुस्तक शंभर हातांतून गेले तरी त्यातला मजकूर पहिल्या वाचकाला जेवढा मिळाला तेवढाच शंभराव्याला मिळतो. मोटारीचा मजकूर तसा नाही. त्याचा एक अध्याय पहिल्या वाचकाबरोबरच संपतो.

तरीही एवढ्याने दुसऱ्या मालकाचे दुःख समजत नाही. त्यासाठी इंजिनाच्या पोटात शिरावे लागते. अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची उघडझाप आणि पिस्टनची वरखाली यांचा ताल जुळवून ठेवण्याचे काम एक रबरी दातेरी पट्टा करतो; त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. हा पट्टा धावण्याने झिजतो आणि नुसत्या काळानेही कडक होतो. त्यामुळे मोटार उभी असली तरी तो ठराविक वर्षांनी बदलावा लागतो. साध्या मोटारीत हे काम दिवसभराचे असते. फेरारीच्या १९८४ च्या टेस्टारोसात किंवा १९९४ च्या एफ-३५५ मध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे इतके दाटीने बसवलेले आहे की त्या पट्ट्यापर्यंत हात पोचवण्यासाठी सबंध इंजिनच खाली उतरवावे लागते. पट्टा स्वतः फार महाग नसतो. महाग असते ते त्याच्यापर्यंत पोचणे. आणि इंजिन उतरवलेच आहे तर क्लच, पाण्याचा पंप, नळ्या, गळणारी सीले हेही पाहून घ्यावे, असे कारागीर म्हणतो. तो चुकीचे सांगत नसतो. टाळाटाळ केली आणि पट्टा तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग दुरुस्तीचा आकडा मोटारीच्या किमतीशीच स्पर्धा करू लागतो.

या ठिकाणी सारे गणित उलटे होते. मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ती वर्षागणिक चढते. ब्रेकच्या कार्बन-सिरॅमिक चकत्यांचा पूर्ण संच बदलायचा तर त्या पैशात एखादी लहान नवी मोटार येऊ शकते, आणि ही रक्कम ती मोटार नवी असताना जेवढी होती तेवढीच, किंबहुना अधिक, ती पाचपटींनी स्वस्त झाल्यावरही असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या व्यवहारासाठीच जन्मली असावी. विमा, पेट्रोल आणि पथकर यांची भर वेगळी. म्हणून जुन्या स्पोर्ट्‌स कारची किंमत 'पडली' असे म्हणण्यापेक्षा, पुढच्या पाच वर्षांची बिले त्या किमतीतून आगाऊ वजा झाली, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. ज्याला हे कळते तो कमी बोली लावतो. ज्याला कळत नाही तो फसतो. आणि भिंतीवरच्या चित्रात इंजिन उतरवलेली मोटार कधीच दाखवलेली नसते.

कारखान्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१० नंतरच्या दशकात फेरारीने नव्या मोटारींबरोबर सात वर्षांची नियत देखभाल किमतीतच देण्यास आरंभ केला, आणि मालक बदलला तरी ही सवलत मोटारीबरोबर पुढे जाते. वरकरणी ही पहिल्या ग्राहकावरची कृपा वाटते. परंतु तिचा रोख दुसऱ्याकडे आहे. दुसऱ्याची भीती कमी झाल्याशिवाय पहिल्याची मोटार विकली जात नाही, आणि पहिल्याची विकली गेली नाही तर तो तिसरी घ्यायला येत नाही.

भीतीचा दुसरा झरा अज्ञानातून वाहतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकी बोलीत खराब निघालेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात, आणि निबंधाच्या शीर्षकात ही लिंबेच होती. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता; २००१ साली अकेरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यामागे हाच निबंध होता. साभार परत आलेल्या हस्तलिखितांच्या इतिहासात हा दाखला संपादकांनी जपून ठेवण्यासारखा आहे. त्यातला विचार साधा आहे. विकणाऱ्याला मोटारीचे खरे रूप ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्याची किंमत देत नाही, सरासरीची देतो. सरासरी किमतीला आपली चांगली मोटार विकणे चांगल्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मग सरासरी आणखी खाली येते आणि उरलेल्यांतले बरे तेही निघून जातात.

हा विचार लहान कुटुंबाच्या मोटारीला लागू पडतो, त्याहून कितीतरी अधिक स्पोर्ट्‌स कारला. पहिल्या मालकाने ती रविवारी देवळापर्यंत नेली की शर्यतीच्या मार्गावर पिळून काढली, हे रंगाच्या चकाकीवरून कळत नाही. इंजिन तापण्यापूर्वीच ज्याने ते किंचाळवले, त्याच्या उतावीळपणाची खूण आत, बेअरिंगच्या पृष्ठभागावर राहते. अलीकडे यंत्रे स्वतःच साक्ष देऊ लागली आहेत. पोर्शच्या मोटारींतील संगणक इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याची नोंद ठेवतो, आणि स्वयंचलित पद्धतीने गिअर बदलणाऱ्या काही मोटारींत क्लच किती शिल्लक आहे याचा अंदाज यंत्रातूनच वाचता येतो. विवाह जुळवण्यापूर्वी गावात गुपचूप चौकशी करावी तशी या नोंदींची चौकशी आता जाणते ग्राहक करतात. पण साक्षीदार आला म्हणून संशय संपत नाही. कधी कधी तो वाढतो. नोंद निष्कलंक असली तर ग्राहकाला प्रश्न पडतो की ही मोटार चालवलीच नसेल, तर तिची सीले सुकली असतील काय?

वेगाच्या वस्तूला आणखी एक शाप आहे. तिचे मोल 'अधिक' या शब्दावर उभे असते आणि तो शब्द कोणाकडेही फार काळ राहत नाही. मॅक्लारेनने २०११ साली १२सी ही मोटार बाजारात आणली तेव्हा तिच्या शक्तीचे कौतुक झाले. २०१४ मध्ये त्याच घराण्यातली ६५०एस आली, २०१७ मध्ये ७२०एस. दोन्ही वेळा आधीच्या मोटारीतला एकही स्क्रू सैल झाला नव्हता. पण ती 'आधीची' झाली होती. ज्याने केवळ सर्वांत वेगवान म्हणून ती घेतली होती, त्याच्यापाशी तीन वर्षांनी उरला तो भूतकाळी वेग. ज्या मोटारीचे मोल तिच्या आकारात किंवा दीर्घ परंपरेत असते तिला हा शाप कमी बाधतो. पोर्शने १९७७ साली ९२८ आणली ती ९११ ची जागा घेण्यासाठी. पुढच्या वर्षी तिला युरोपातील वर्षातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. १९९५ साली ती थांबली. ९११ अजून निघते, आणि जुन्या बाजारात मान ९११ लाच अधिक आहे. ९२८ ही अनेक अंगांनी अधिक विचारपूर्वक रचलेली मोटार होती, असे म्हणणारे आजही भेटतात, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही.

गिअरची गोष्ट तर विलक्षणच आहे. शतकाच्या वळणावर फेरारीच्या ३६० मोडेनासारख्या मोटारींत, सुकाणूमागच्या पात्या ओढून क्लचशिवाय गिअर बदलण्याची सोय मिळू लागली. बहुसंख्य ग्राहकांनी वर पैसे देऊन ती घेतली. हाताने गिअर बदलणे जुनाट ठरले. आज त्याच पिढीतल्या मोटारींपैकी जिच्यात हाताने गिअर बदलावे लागतात, ती संथ असूनही अधिक महाग आहे. नवी सोय तिच्याहून नव्या सोयीपुढे ओशाळली. जुन्या गैरसोयीला मात्र स्पर्धकच उरला नाही.

भारतात या घसाऱ्याला शुल्काचा एक पदर आहे. परदेशात पूर्ण बनून आलेल्या महागड्या मोटारीवर येथे दीर्घकाळ मूळ किमतीइतके किंवा त्याहून जास्त आयात शुल्क आकारले गेले. पहिला मालक ते भरतो. दुसऱ्या मालकाला ते दिसत नाही, ऐकू येत नाही, चालवता येत नाही. सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली त्याप्रीत्यर्थ २००२ साली त्यांना अशीच एक ३६० मोडेना मायकेल शूमाकर यांच्या हस्ते भेट मिळाली. २००३ साली तिच्या शुल्कमाफीवरून देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर शुल्क फियाट कंपनीने भरले. २०११ साली ती मोटार सुरतेतील एका व्यावसायिकाने घेतली. तोवर ती नऊ वर्षांची झाली होती आणि फेरारीने तिच्या दोन वारसदार मोटारी बाजारात आणल्या होत्या. पण ज्याला ती हवी होती त्याला ३६० मोडेना नको होती, 'ती' मोटार हवी होती. असे नाव जोडले गेले की घसाऱ्याची वही बाजूला ठेवावी लागते. मात्र अशी नावे शेकडो मोटारींत एखादीच्याच वाट्याला येतात.

काही मोटारी तळ गाठून पुन्हा वर चढतात, हे खरे. मॅक्लारेन एफ-१ ही १९९२ च्या मंदीत जाहीर झाली, तिला ग्राहक मिळणे कठीण गेले आणि सर्व प्रकार मिळून १०६ वरच ती थांबली. २०२१ साली त्यांतली एक, जेमतेम २४२ मैल धावलेली, दोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीला लिलावात गेली. याच्या अगदी उलट रोवन ॲटकिन्सन यांची. त्यांनी आपली एफ-१ हजारो मैल चालवली, दोनदा आपटली. दुसऱ्या अपघातानंतर विमा कंपनीला नऊ लाख पौंडांच्या घरात दुरुस्तीखर्च आला, आणि तरीही २०१५ च्या सुमारास ती मूळ किमतीच्या कितीतरी पट रकमेला विकली गेली. एक्सजे २२० चेही दिवस पालटले आहेत. तिच्या मापाचे टायर बनणे बंद झाले होते, ते अनेक वर्षांनी मुद्दाम पुन्हा बनवून घ्यावे लागले.

परंतु उतरण आणि चढण यांच्या मधली जी वर्षे असतात, त्यांचा हिशेब कोणत्याही लिलावाच्या पुस्तिकेत स्वतंत्रपणे येत नाही. ही वर्षे पंधरा असतील, पंचवीस असतील. त्या काळात मोटार नवी नसते आणि अभिजातही नसते. ती नुसती जुनी असते. याच काळात ती तिसऱ्या, चौथ्या हाती असते. कोणी पट्टा बदलणे एक वर्ष पुढे ढकलतो, मग आणखी एक. कोणी परवडत नाही म्हणून अधिकृत कारागिराऐवजी गल्लीतल्या हुशार माणसाकडे नेतो. कोणाचे इंजिन फुटते आणि ती मोटार सुट्या भागांसाठी मोडली जाते. तिचे दरवाजे, दिवे आणि चाके दुसऱ्या मोटारींना जगवतात. अशा मोडलेल्यांमुळेच उरलेल्या दुर्मीळ होतात. आणि कोणी एखादा घरातली कुरबुर सोसून, सुटीचा प्रवास रद्द करून, दर काही वर्षांनी इंजिन उतरवून घेतो, बिल चुकते करतो आणि पावती एका फायलीत लावून ठेवतो. पुढे मुलांच्या शिक्षणाची किंवा घराच्या हप्त्याची वेळ येते, तेव्हा तो ती मोटार मिळेल त्या भावाला विकतो. फाईल मोटारीबरोबर जाते.

लिलावाच्या दिवशी ही फाईल मोटारीच्या वर्णनात गुण म्हणून नोंदवलेली असते: सर्व पावत्या उपलब्ध. बोली लावण्यापूर्वी जाणकार ती चाळतात. तारखा पाहतात, मैलांचे आकडे पाहतात, पट्टा कधी बदलला ते पाहतात. प्रत्येक पावतीच्या वरच्या कोपऱ्यात ज्याने पैसे भरले त्याचे नाव असते. बहुधा ते काळ्या शाईने खोडलेले असते.